छंद : बागकाम

दोन महिने झाले, ताईच्या घरात संध्याकाळी सात ते दहा आपली भाषा बंद होती. फ्रिजवर नवऱ्याने तसा कागदच चिकटवला होता आणि खाली लाल पेनाने तीन उद्गारचिन्हं दिली होती. सात वाजले की मीठ मागायचं तरी इंग्रजीत. त्यामुळे त्या घरात दोन महिने बरेचसे पदार्थ अळणीच खाल्ले गेले, कारण वाक्य जुळवण्यापेक्षा अळणी खाणं सोपं होतं.

घरात माणसं चार. ताई, नवरा, आठवीतली लेक आणि सासरे. नवरा औषधकंपनीत विक्रीचं काम करायचा आणि त्याचं इंग्रजी लोण्यासारखं होतं. लेक तर स्वप्नंसुद्धा इंग्रजीत बघायची. सासऱ्यांना मात्र इंग्रजीचा गंध नव्हता. सात वाजले की ते आपली खुर्ची उचलून गॅलरीत जात आणि तिथून रस्त्यावरच्या गाड्या मोजत बसत. ताई कपडे वाळत घालायच्या निमित्ताने गॅलरीत गेली की ते हळूच विचारत, "झोपायची गोळी कुठे ठेवलीस गं?" आणि तीही तितक्याच हळू सांगे, "कपाटात, डावीकडे." चोरून विडी ओढावी तशी दोघं चोरून बोलत.

तिला ताई म्हणत लॅबमधले लोक. दातांच्या लॅबमध्ये ती सोळा वर्षं काम करत होती. डॉक्टरांकडून साचे यायचे. त्या साच्यावर मेणाचा दात घडवायचा, मग त्यावरून भट्टीत पक्का दात ओतून काढायचा आणि शेजारच्या दाताशी रंग जुळेपर्यंत त्यावर थरावर थर चढवायचा. ताईच्या हातचा दात तोंडात बसला की तो कोणता हे सांगायला बसवणाऱ्या डॉक्टरलाही दोनदा बघावं लागे, अशी तिची ख्याती. परदेशात अशा हातांना फार मागणी आहे हे नवऱ्याला कुठूनतरी कळलं आणि तिथून सगळं सुरू झालं. "माझ्यासारखे विक्रीवाले तिकडे पैशाला पासरी आहेत," तो म्हणायचा. "पण दात करणारी माणसं नाहीत. तू पुढे हो, आम्ही तुझ्या मागून येतो." सासऱ्यांची सोय लेकीकडे, म्हणजे ताईच्या नणंदेकडे, करायची असंही ठरून गेलं होतं. सासऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं.

ताईला विचारलं होतं, नाही असं नाही. लेकीच्या वाढदिवसाला, चारचौघांसमोर. "काय, जायचं ना?" ती म्हणाली होती, "बघू." आता तिच्या 'बघू'चा अर्थ त्या घरात आजवर कधीच 'नाही' असा झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी अर्ज भरला गेला.

तिला जायचं नव्हतं. पण हे सांगायचं कसं? नवरा वाईट असता तर एकदा भांडून मोकळी झाली असती. हा बिचारा तिला अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून भाजी चिरायचा, मशीनमधून कपडे काढायचा, तिच्या उच्चारांना कधी हसायचा नाही. वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं असतं, चांगल्या माणसासमोर जीभ उचलत नाही. शिवाय मध्ये लेकीचं भविष्य उभं केलेलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावणार कोणाला?

परदेशी जायला लागणाऱ्या इंग्रजीच्या पहिल्या परीक्षेत ती खरोखर मनापासून बसली होती. वाचणं, लिहिणं, ऐकणं, तिन्हींत पास झाली आणि बोलण्यात अर्ध्या गुणाने गेली. निकाल आला त्या संध्याकाळी नवरा तिची समजूत घालत होता, "अगं, अर्धाच गुण! पुढच्या वेळी नक्की." ती तोंड धुवायला म्हणून आत गेली, आरशात बघितलं, तर आरशातली बाई हसत होती. तिला स्वतःचीच भीती वाटली. पण त्याच वेळी तिला वाट सापडली. कोणाला दुखवायला नको की काही नको, फक्त अर्धा गुण कमी पडू द्यायचा. दोनदा नापास झाल्यावर नवराच म्हणेल, जाऊ दे.

म्हणजे आता तिला रोज तीन तास अभ्यास करायचा होता, आणि नापास होण्यासाठी करायचा होता.

बोलण्याच्या परीक्षेत छंदाचा प्रश्न हमखास येतो असं ताईच्या इंग्रजीच्या क्लासच्या सरांनी नवऱ्याला सांगितलं होतं. म्हणून एका संध्याकाळी, साडेसहाला, अजून आपल्या भाषेची वेळ होती तेव्हा, त्याने वही उघडून विचारलं, "तुझा छंद काय?"

"मला कुठला छंद?"

"काहीतरी असेलच ना. रिकाम्या वेळात काय करतेस?"

"रिकामा वेळ?" ती म्हणाली, आणि दोघंही हसले.

ती खोटं बोलली होती. लॅबच्या इमारतीच्या तळघरात एक टेबल टेनिसचं टेबल होतं. पूर्वी तिथे व्यायामशाळा होती. ती बंद पडली, सगळं सामान गेलं, पण टेबल दारातून निघेना म्हणून राहिलं. त्याचा एक पाय मोडका, त्याखाली फरशीचा तुकडा. जाळी कधीच फाटली होती, तिच्या जागी दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी निकाल लागलेल्या खटल्यांच्या जाड फाइली उभ्या करून ठेवल्या होत्या. "अशिलांच्या काही उपयोगी पडल्या नाहीत," त्या म्हणायच्या, "चेंडू तरी अडवतील." वकीलबाई पंचावन्नच्या, गुडघे दुखणाऱ्या, पण सर्व्हिस अशी कपटी की चेंडू पडायचा एकीकडे आणि उडायचा भलतीकडे. गेली नऊ वर्षं ताई आणि वकीलबाई जेवणाच्या सुट्टीतली पंचवीस मिनिटं तिथे खेळत होत्या. डबा दहा मिनिटांत उरकायचा आणि खाली धावायचं.

घरी तिने हे कधी सांगितलं नव्हतं. लपवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, आणि तरी ती लपवत होती. तिचा सगळा दिवस कोणाच्या ना कोणाच्या वाटणीला गेलेला असे, ही पंचवीस मिनिटं तेवढी उरलेली. आता सांगावं, तर नवरा लगेच त्यावर बारा वाक्यं लिहून देईल, ती पाठ करून घेईल, आणि मग खाली तळघरात बॅट हातात घेतली की तीच बारा वाक्यं कानात वाजत राहतील. नकोच ते.

"मग बागकाम घेऊ," नवरा म्हणाला. "सुरक्षित विषय आहे." त्याने खरंच बारा वाक्यं लिहिली. माय हॉबी इज गार्डनिंग. गार्डनिंग टीचेस मी पेशन्स. अगदीच खोटं नको म्हणून दुसऱ्या दिवशी दोन कुंड्याही आणल्या. एकीतलं झाड पंधरा दिवसांत वाळलं. दुसऱ्याला सासरे आणि नवरा दोघंही एकमेकांच्या नकळत पाणी घालत होते, ते कुजलं.

परीक्षा एका उंच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होती. आधी घड्याळ, पर्स, रुमालसुद्धा काढून कपाटात ठेवायला लावलं. मग बोटांचे ठसे, मग फोटो. एका लांब बाकावर सगळे उमेदवार ओठ हलवत बसले होते. शेजारची मुलगी डोळे मिटून पुटपुटत होती, "आय लव्ह स्विमिंग बिकॉज..." पुढचं तिला आठवत नव्हतं, ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. ताई मात्र शांत होती. तिचा बेत पक्का होता. बागकामाची बारा वाक्यं पोपटासारखी एका सुरात म्हणून दाखवायची. पाठांतर केलेलं उत्तर परीक्षकांना लगेच कळतं आणि ते गुण कापतात, हे सरांनी दहा वेळा बजावलं होतं. सरांचं हे एवढं एकच वाक्य तिने मनापासून लक्षात ठेवलं होतं.

खोलीला खिडकी नव्हती. एक टेबल, दोन खुर्च्या, आवाज टिपणारं छोटं यंत्र आणि भिंतीवर घड्याळ. मागे दार बंद झालं, त्याचा आवाज गादीवर उशी पडावी तसा आला. परीक्षक बाई साठीच्या होत्या, केस बारीक कापलेले, चष्मा दोरीला लटकवलेला. त्या हसल्या आणि ताईचं लक्ष पहिलं गेलं ते त्यांच्या पुढच्या दाताकडे. कॅप होती, आणि शेजारच्या दातापेक्षा दोन शेड पांढरी. कोणीतरी घाईत केलेलं काम.

नाव काय, काम काय, घरी कोण कोण, असे सुरुवातीचे प्रश्न झाले. ताईने एकेका शब्दात उत्तरं दिली. येस. नो. डॉटर. फादर-इन-लॉ. बाई लिहीत होत्या. बेत ठरल्यासारखा चालला होता.

मग बाईंनी एक कार्ड पुढे सरकवलं. तुम्हाला मोकळ्या वेळात काय करायला आवडतं ते सांगा. कुठे करता, कोणाबरोबर, आणि का आवडतं. विचार करायला एक मिनिट, बोलायला दोन.

मिनिट संपलं. ताईने समोरच्या भिंतीकडे बघत सुरुवात केली. "माय हॉबी इज गार्डनिंग. गार्डनिंग टीचेस मी पेशन्स. प्लांट्स आर लाइक चिल्ड्रन..."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "किती झाडं आहेत तुमच्याकडे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

हे बारा वाक्यांत नव्हतं. "टू," ताई म्हणाली.

"कशी आहेत?"

"डेड," ताई म्हणाली. "बोथ."

बाई मोठ्याने हसल्या. यंत्र चालू आहे हे आठवून त्यांनी तोंडावर हात धरला, तरी खांदे हलतच होते. आणि ताईलाही हसू आवरेना. त्या बंद खोलीत दोन अनोळखी बायका मेलेल्या झाडांवर हसत बसल्या.

"म्हणजे बागकाम नाही," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "ते सोडून द्या. मला असं काहीतरी सांगा, जे कोणी बंद केलं तर तुम्हाला राग येईल."

आता गप्प बसायचं होतं. बेत तोच सांगत होता. ताईने गप्प बसून पाहिलं. घड्याळाचा काटा टकटक पुढे जात होता आणि बाई नुसत्या बघत होत्या. त्यांना कसलीच घाई नव्हती. गेल्या कित्येक वर्षांत तिला कोणी हा प्रश्न विचारला नव्हता आणि विचारून असं उत्तरासाठी थांबलंही नव्हतं. तिची जीभ तिच्या हातात राहिली नाही.

"टेबल टेनिस," ती म्हणाली.

आणि मग सुटलीच. तळघर, मोडका पाय, त्याखालची फरशी. वकीलबाई, त्यांचे गुडघे, त्यांची कपटी सर्व्हिस. जाळीऐवजी खटल्यांच्या फाइली, हे सांगताना 'निकाल लागलेला खटला' याला इंग्रजी शब्द सापडेना तेव्हा ती म्हणाली, "केस फिनिश्ड, पीपल क्राइंग, फाइल स्टँडिंग." बाई पुन्हा हसल्या. चेंडूची फिरकी शब्दांत येईना म्हणून तिने बाईंचं पेन उचललं आणि मनगट वळवून दाखवलं. आपण सोळा वर्षं दात करतो, तिथे केसभर चूक चालत नाही, श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो, पण खाली तळघरात जोरात मारता येतं, चुकलं तर चेंडू जाऊन आणायचा एवढंच, कोणाच्या तोंडात काही टोचत नाही, हेसुद्धा तिने सांगितलं. काळ चुकले, क्रियापदं घरंगळली, पण ती थांबली नाही. दोन मिनिटं संपल्याचा इशारा झाला तेव्हा ती टेबलाच्या कडेवर अर्धी झुकून बोलत होती.

"तुम्ही दुसऱ्या देशात जायचं म्हणताय," बाईंनी शेवटचं विचारलं. "तिथे हा खेळ मिळाला नाही तर?"

तेव्हा कुठे ताई भानावर आली. पेन परत टेबलावर ठेवलं. "आय डोन्ट नो," ती म्हणाली आणि त्यानंतर एक शब्द बोलली नाही. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. खाली उतरताना तिला कळून चुकलं, आपल्याच हाताने आपण दाराला कडी घातली, आणि तीही हसत हसत.

पाचव्या दिवशी निकाल आला. लागत होते त्यापेक्षा एक गुण जास्तच. नवऱ्याने तिला अक्षरशः उचललं. लेकीने मैत्रिणींना फोन लावले. सासरे गॅलरीतून आत आले, "छान झालं हो," म्हणाले आणि परत बाहेर जाऊन खुर्चीत न बसता उभेच राहिले.

"बागकामच आलं ना?" नवऱ्याने विचारलं. "मी म्हटलं नव्हतं!"

"बागकाम नाही सांगितलं मी."

"मग?"

तिने सांगितलं. तळघर, वकीलबाई, नऊ वर्षं, सगळं. सांगताना तिला वाटलं, आता हा विचारेल, नऊ वर्षं मला बोलली का नाहीस. आणि मग बाकीचंही सांगता येईल.

नवरा डोळे विस्फारून ऐकत होता. संपल्यावर त्याने टाळीच दिली. "काय थाप मारलीस गं! खटल्यांच्या फाइली! हे सुचतं कसं तुला ऐनवेळी? आणि मी उगाच बारा वाक्यं खरडत बसलो." मग तो जो भेटेल त्याला हे सांगत सुटला. शेजाऱ्यांना, नणंदेला, ऑफिसातल्या लोकांना. "आमची ही, बॅट कोणत्या हातात धरतात ते माहीत नाही, पण परीक्षकाला दोन मिनिटं झुलवलं!" ताई बाजूला उभी राहून ऐकायची. आयुष्यात एकदा ती मनातलं बोलली होती आणि घराने ते थाप म्हणून वाटून टाकलं.

आठ दिवसांनी परदेशातल्या एका लॅबचं पत्र आलं. अर्जासोबत आलेले कामाचे नमुने आवडले, सात दिवसांत होकार कळवा. नवऱ्याने होकाराचं पत्र लिहून ताईच्या फोनमध्ये तयार ठेवलं. तिने फक्त पाठवायचं होतं. पहिल्या दिवशी ती म्हणाली, लॅबमध्ये घाई आहे. दुसऱ्या दिवशी फोनला चार्जिंग नव्हतं. चौथ्या दिवशी तिने नवऱ्याला फोन केला, "उद्या दुपारी एक वाजता लॅबवर याल का? काम आहे."

तो आला. ती त्याला वर न नेता खाली घेऊन गेली. तळघरात ट्यूबलाइट दोनदा लुकलुकून लागली. वकीलबाई आधीच येऊन गुडघ्याला पट्टा बांधत होत्या. "हे का मिस्टर?" त्या म्हणाल्या. "बसा त्या खोक्यावर. मध्ये येऊ नका, चेंडू लागेल."

खेळ सुरू झाला. ताईने चप्पल काढली, ओढणी कमरेला बांधली. नवरा खोक्यावर बसून डोकं डावी-उजवीकडे वळवत होता. पहिला गेम तिने जिंकला, दुसरा वकीलबाईंनी. एक चेंडू त्याच्या पायाशी गेला. त्याने तो उचलला, हातात फिरवून बघितला आणि बराच वेळ परत द्यायचा विसरला.

वकीलबाई वर गेल्यावर तो म्हणाला, "म्हणजे खरं होतं सगळं."

"हो."

"चांगली खेळतेस." मग थोडं थांबून, चेहरा उजळून, "अगं, तिकडे तर फार सोयी असतात याच्या! मोठे हॉल, नवी टेबलं..."

ताईने बॅट टेबलावर ठेवली. याला उघडून दाखवलेलं दारही जायचाच रस्ता वाटत होतं.

"अहो," ती म्हणाली, "मला जायचं नाही."

"म्हणजे? आत्ता नाही?"

"आत्ताही नाही आणि नंतरही नाही. मी परीक्षेला बसले तीच नापास व्हायला. आणि बाबांना तुमच्या बहिणीकडे पाठवायचं नाही. त्यांना विचारलंय का कोणी?"

तो खोक्यावरून उठला, पँटची धूळ झटकली. जिन्यापर्यंत गेल्यावर वळून म्हणाला, "इतके महिने, रोज तीन तास मी तुझ्याबरोबर बसलो. एकदा बोलायचंस तरी." त्याच्या आवाजात राग नव्हता, ते जास्त लागलं. न बोलण्याचा दोष तिचाच होता.

पुढचे दोन दिवस घरात कोणत्याच भाषेत फारसं बोलणं झालं नाही. सातव्या दिवशी सकाळी, लॅबला निघण्याआधी, तिने नवऱ्याने तयार ठेवलेलं पत्र पुसलं आणि स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या. तुमच्या पत्राचं कौतुक वाटलं, आभारी आहे. पण मी येऊ शकत नाही. या दोन ओळींना तिला चाळीस मिनिटं लागली. मग तिने फोन नवऱ्यासमोर धरला.

"हे पाठवतेय," ती म्हणाली. "आधी तुम्ही वाचा."

त्याने वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं. चहा निवत होता.

"'अप्रिशिएट'मध्ये दोन पी असतात," तो म्हणाला.

तिने एक पी वाढवला आणि पत्र पाठवलं.

नवऱ्याने निवलेला चहा तसाच संपवला. मग उठून कपाटातून तिच्या निकालाचं सर्टिफिकेट काढलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट सरकवलं आणि घराच्या कागदांच्या फाइलमध्ये, सगळ्यात वर, ठेवलं.

"दोन वर्षं चालतं ते," तिच्याकडे न बघता तो म्हणाला. "असू दे."

ताईने डबा उचलला. "असू दे," ती म्हणाली आणि लॅबला निघाली. बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण पुन्हा 'बघू'सारखंच काहीतरी बोलून आलो. पुढच्या स्टॉपवर उतरून मागे जावं असं तिला वाटलं. स्टॉप आला, दार उघडलं, बंद झालं. संध्याकाळी घरी गेल्या गेल्या, सात वाजायच्या आत, हे त्याला नीट सांगायचं असं तिने ठरवलं, आणि सांगायचं वाक्य ती लॅब येईपर्यंत मनातल्या मनात जुळवत राहिली.